किशोर सरांची काळी यादी

लाइन गेली की माणसं बोलायला लागतात. आमच्याकडं लाइन रोज जायची, म्हणून गोष्टीही रोज साचायच्या.

दौंडात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर किशोर सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. मोबाइलवर इनकमिंग फ्री झालं त्या सुमाराचं हे. दहा मिनिटांच्या कामाला आलेला माणूस तास तास बाकड्यावर बसून राहायचा. मी चहा द्यायचो. चहा पोटात गेला की माणूस सासऱ्यापासून सरपंचापर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा. मी शाळेत गेलो नाही, सहीपुरती अक्षरं येतात. पण ऐकायला कुठं शाळा लागते? आता गुडघ्यांनी घरी बसवलंय, तर ऐकलेलं एकेक काढून सांगतो आणि नात उतरून घेते. घाई करू नका. मी हळू बोलतो, हे अलकाचं माझ्याबद्दलचं जुनं गाऱ्हाणं आहे.

अलका म्हणजे सेंटरची ऑपरेटर. तोंडानं तिखट, हातानं चपळ. किशोर सर मालक. डिप्लोमा झालेले, खादीचा शर्ट, डोक्यात सतत काहीतरी चांगलं करायचा विचार. आणि मी, सगळ्यांचा आबा.

त्याआधी मी दौंड जंक्शनवर टपालाच्या पिशव्या उचलायचो. गाडी थांबली की ह्या डब्यातली पिशवी त्या डब्यात. आत काय आहे ते हमालाला माहीत नसतं. लग्नपत्रिकाही तेवढीच जड आणि मयताचं पत्रही तेवढंच. गुडघे दुखायला लागले तेव्हा सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आबा, आमच्याकडंपण टपालच आहे. फक्त उचलावं लागत नाही."

आतल्या खोलीत एक मशीन होतं. त्याला एसी, आम्हाला पंखा. तालुक्यातले कारखाने, दवाखाने, पतसंस्था, दूध संघ, सगळ्यांची मेल त्या मशीनमधून यायची.

"हे मशीन बंद पडलं तर तालुका मुका," अलका म्हणायची.

"आन् एसी बंद पडला तर?"

"तर सर मुके."

*

निमोण्याचे एक रिटायर गुरुजी होते. लेक दौंडात दिलेली, म्हणून महिन्यातून एकदा यायचे आणि आमच्याकडं मेल बघायचे. एकदा आले ते इस्त्रीचं धोतर नेसून, हातात पेढ्यांचा बॉक्स. परदेशातली लॉटरी लागली होती. तशी मेल आली होती, आणि त्या लॉटरीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे गुरुजींची फी भरूनही झाली होती.

अलकाचं तोंड तिखट, पण त्या दिवशी तिनं आधी गुरुजींना खुर्ची दिली. मग म्हणाली, "गुरुजी, हे खोटं असतं. सगळ्यांनाच येतं. डॉक्टरांना आलंय. दूध संघाला आलंय. हे बघा, मलापण आलंय."

गुरुजींनी चष्मा लावून तिच्या स्क्रीनवरचं सगळं वाचलं. अक्षर न् अक्षर तेच. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. बॉक्स उघडला.

"तुलाबी लागलीय व्हय, पोरी? मग पेढा घे. दोघांचंबी अभिनंदन."

गुरुजी परत कधी आले नाहीत. सरांनी त्याच दुपारी काळी यादी सुरू केली.

*

यादी म्हणजे काय, हे सरांनी मला नीट समजावलं. मशीनच्या दारात एक राखणदार बसवायचा. ज्याचं नाव यादीत, त्याची मेल दारातूनच परत. ज्याला ती जायची होती, त्याला पत्ताही लागत नाही की कोणी येऊन गेलं. पाठवणाऱ्याला मात्र एक उत्तर जातं, तुमची मेल नाकारली आहे, कारण अमुक अमुक. ही कारणं लिहायला सरांना फार आवडायचं. लॉटरीवाल्यांना त्यांनी लिहिलं होतं, "कारण: निमोण्याचे गुरुजी." ते परदेशातल्या माणसाला काय कळलं असेल कोण जाणे.

मी म्हणालो, "म्हंजी वाळीत टाकायचं."

सर हसले. "आबा, वाळीत माणसाला टाकतात. हा कचरा आहे."

मला वाळीत म्हणजे काय ते माहीत होतं. मी लहान होतो तेव्हा आमच्या वस्तीनं धम्म घेतला आणि गावची मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. गावानं आमचं दुकान बंद केलं, वाट बंद केली, गिरणी बंद केली. आई दळणाची पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला गेली. मीही मागं. तिथल्या गिरणीवाल्याचं आणि आमचं काही वाकडं नव्हतं. भला माणूस होता. त्यानं आईला सावलीत बसवलं, मला गूळ दिला. पण पट्टा काही चढवला नाही.

आई म्हणाली, "दादा, तुमच्या गावाचं आमी काय घोडं मारलंय?"

तो म्हणाला, "बाई, तुझं काय न्हाई गं. पन तुझं दळलं तर माझी गिरणी वाळीत पडंल."

आई पाटी उचलून परत निघाली. गूळ माझ्या हातात तसाच होता.

*

सरांचे एक दोस्त होते, दिलीप सर. त्यांचं शिरूरला असंच सेंटर, असंच मशीन. दोघांनी मिळून ठरवलं की यादी एकच ठेवायची. इथं लिहिलं की तिथं बंद, तिथं लिहिलं की इथं बंद. मग आसपासच्या तालुक्यांतले आणखी मशीनवाले त्यात आले.

त्याच दिवसांत कोणीतरी आमच्या समाजाबद्दल घाण मेल पाठवायला लागला. बाबासाहेबांबद्दल, आमच्या आयाबहिणींबद्दल. पोरं ती वाचायची आणि मुठी आवळायची. एखाद्या दिवशी कुठंतरी दगड पडला असता. सरांनी तो पत्ता हुडकला आणि यादीत घातला. दिवस मावळायच्या आत चार तालुक्यांत त्याचं तोंड बंद.

अलकानं विचारलं, "सर, कारण काय लिहू?"

सरांनी थोडा विचार केला. "लिही, कारण: तुम्ही."

आमच्या वॉर्डातल्या विहारात सरांचा सत्कार झाला. शाल दिली, पुस्तक दिलं. मीही पुढं बसून टाळ्या वाजवल्या. अजूनही वाजवीन.

विहारातून परत येताना अलका म्हणाली, "आबा, सरांना शाल गरम होणार बघा."

"का गं?"

"आता ती अंगावरनं निघायची नाही."

*

मग आला बाटलीचा प्रश्न. एका गावात बायकांनी दारूबंदीचं मतदान मागितलं. तुम्हाला माहीत असेल, मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद कर. सर आडव्या बाटलीकडून. त्यांनी परमिट रूमवाल्या पोपटरावांना यादीत घातलं, कारण पोपटराव उभ्या बाटलीचा प्रचार मेलवरून करत होते.

बाटली आडवी झाली. गावातून मिरवणूक निघाली. आणि पुढच्या आठवड्यात पोपटराव सेंटरची माडी चढून वर आले. मला वाटलं, आता शिवीगाळ होणार. पण ते बाकड्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले.

"सर, दुकान बंद झालं. बायकांनी केलं, मान्य हाय. माझी बायकोबी आडवीलाच मत देऊन आली. पन पोरीची सोयरीक का बंद केली?"

सरांना कळेना. पोपटरावांनी हळूहळू सांगितलं. त्यांच्या मुलीला कुरकुंभचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत इंजिनियर, त्याला फोटो मेलवर पाहिजे होता. त्या कंपनीची मेल आमच्या मशीनवर. फोटो दारातून परत आला. वर कारण लिहिलेलं, "तुमच्या धंद्यानं घरं मोडतात." पोपटरावांना वाटलं, हा मुलाकडच्यांचाच निरोप. ते गप्प बसले. मुलाकडच्यांना वाटलं, फोटो पाठवत नाहीत म्हणजे पोरीत काहीतरी खोट असणार. त्यांनी दुसरीकडं सुपारी फोडली.

सरांचा चेहरा उतरला. पण ते म्हणाले, "वाईट झालं, पोपटराव. पण चळवळ म्हटलं की थोडं सोसावं लागतं."

पोपटराव उठले. चपला घालता घालता म्हणाले, "व्हय. चळवळ तुमची. सोसायचं माझ्या पोरीनं."

*

दूध संघाचे चेअरमन बापूसाहेब. जाडजूड माणूस, बोलणं मात्र लोण्यासारखं. संघाची निवडणूक लागली तसे ते आले. विरोधी पॅनेलचं एक पत्रक मेलवरून सभासदांच्या पोरांना जात होतं. ते तेवढं थांबवा म्हणाले.

सरांनी हात जोडले. "बापूसाहेब, हे राजकारण आहे. ते मी करत नाही."

"मग बाटलीच्या टायमाला काय केलंत?"

"ते समाजकारण होतं."

बापूसाहेबांनी चहा बशीत ओतला, त्यावर फुंकर मारली. "सर, आमच्यातबी आसंच हाय बघा. आपुन करतो ते समाजकारण. दुसरा करतो ते राजकारण."

सरांनी ठाम नकार दिला, हे मी डोळ्यांनी बघितलं. तरी त्याच आठवड्यात विरोधी पॅनेलची मेल दौंडात यायची बंद झाली. सरांनी यादी उघडून बघितली तर नाव आहे. शिरूरच्या दिलीप सरांनी घातलेलं. त्यांच्या मेव्हण्याचं बापूसाहेबांकडं काम अडकलं होतं.

सर फोनवर असे कधी ओरडले नव्हते. पलीकडून दिलीप सरांचा आवाज बाकड्यापर्यंत येत होता, शांत.

"किश्या, तुझा बाटलीवाला मी घेतला तेव्हा तुला काही विचारलं होतं का?"

सरांनी फोन ठेवला. ते नाव त्यांनी काढलं नाही. एकाचं काढलं तर दुसरा आपलं काढेल, असं काहीतरी म्हणाले.

*

आता माझ्या लेकीचं सांगतो.

शोभी कुरकुंभच्या अलीकडं एका वस्तीवर दिलेली. वीस-पंचवीस घरं आणि मधे एक विहीर. रस्त्यापलीकडं एक कारखाना. कोणता ते सांगत नाही, आज त्याची पाटीही राहिली नाही. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी बदललं. उपसलं की वर तवंग, आणि वास जुन्या औषधाच्या बाटलीसारखा. लोकांच्या अंगाला फोड यायला लागले. कारखान्यानंच केलं का, ते मला माहीत नाही. तेच तर तपासायचं होतं.

आणि शोभीला दिवस गेले होते.

वस्तीतले लोक टँकर मागायला तालुक्याच्या सरकारी ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "पाणी खराब आहे असा लॅबचा कागद आणा, दुसऱ्या दिवशी टँकर चालू करतो. कागदाबिगर मला सही करता येत नाही."

मी शोभीला म्हणालो, दौंडला ये. पण तिची सासू आंथरुणाला खिळलेली, तिला सोडून कशी येणार? जावई शिफ्टवरून येताना हॉटेलातून एक कॅन भरून आणायचा. तो सासूच्या औषधाला आणि एका रात्रीला पुरायचा. बाकी सगळं विहिरीवर.

मी सरांना सांगितलं. सर त्याच दिवशी माझ्याबरोबर निघाले. हा त्यांचा गुण मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुण्यात सतीश म्हणून त्यांच्या ओळखीचा एक जण पाण्याच्या लॅबमध्ये होता. तो फुकट तपासून देणार होता. सरांनी स्वतः पोहरा सोडून बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या.

मग शोभीच्या घरी टेकलो. आमच्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग बोलणं. शोभीनं घासूनपुसून तांब्या आणला, सरांच्या पुढं ठेवला. सरांनी हात जोडले आणि खांद्यावरच्या शबनम पिशवीतून स्वतःची बाटली काढली. "राहू द्या ताई. मी घरनंच आणलंय."

निघताना शोभीनं मला दारात थांबवलं.

"बाबा, तुमच्या सरांना आपल्यातलं पाणी चालत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "तसं न्हाई गं. पाणी खराब हाय म्हणून पीत न्हाईत."

ती म्हणाली, "मग आमी काय पितो?"

*

सर चिडले होते ते त्या पाण्यावरून. असं चिडलेलं माणूस बघितलं की बरं वाटतं. माझ्या लेकीच्या विहिरीसाठी कोणीतरी भांडत होतं.

आधी त्यांनी कारखान्याचं नाव यादीत घातलं. कारखान्याला काही फरक पडेना. कारखान्याची मेल पुण्यातल्या एका मोठ्या मेलवाल्याकडून यायची. त्याच्याकडं हजार गिऱ्हाइकं. मग सगळ्या मशीनवाल्यांनी फोनवर बसून ठरवलं की तो मेलवालाच यादीत घालायचा, सगळ्या गिऱ्हाइकांसकट. कारखान्याला हाकलत नाही तोवर त्याच्याकडून कोणाचीच मेल ह्या तालुक्यांत येणार नाही.

अलका म्हणाली, "सर, त्यात दुसरी लोकंपण असतील की."

"असणारच. त्यांना त्रास झाला तरच ती मालकाच्या मागं लागतील. दडपण असंच येतं."

कारण लिहायला त्यांनी त्या दिवशी बराच वेळ घेतला. मग मोठ्यानं वाचून दाखवलं, "तुमची मेल नाकारली आहे. कारण: तुम्ही पाण्यात विष कालवणाऱ्यांच्या रांगेत उभे आहात."

"कसं वाटतंय, आबा?"

मी म्हणालो, "लागंल असं हाय."

*

मग वाट बघणं सुरू झालं. जावई शिफ्टला जाताना सेंटरवर डोकवायचा. जिन्यातूनच विचारायचा, "आला का कागद?" अलका मशीनमध्ये बघायची. नाही. ऑफिसातल्या साहेबांकडं वस्तीतले लोक परत गेले. साहेब म्हणाले, "मी काय नाही म्हणतोय का? कागद आणा." त्यांच्या टेबलावर टँकरचा अर्ज भरून तयार होता. तारखेची जागा तेवढी मोकळी.

सरांनी लॅबला फोन लावला. सतीश जागेवर नव्हता. दुसऱ्या कोणी उचलला, म्हणाला, "तुमचा रिपोर्ट गेलाय. मेल बघा."

सरांनी परत अलकाला बघायला लावलं. काही नव्हतं.

"काम झालेलं नसलं की असंच सांगतात," सर म्हणाले. "पाठवलंय, पाठवलंय. फुकटच्या कामाला हीच तऱ्हा."

फुकटचं काम म्हणून त्यांना तगादाही लावता येईना.

काही दिवसांनी त्यांनी परत फोन केला. ह्या वेळी सतीश होता, पण त्यानं फोनवर यायलाच नकार दिला. सर अचंबित झाले. "कारखान्यानं ह्यालापण गाठलं की काय?" म्हणाले. त्या शंकेनं ते आणखी पेटले. यादी आणखी कडक केली.

एक दिवस जावई जिन्यातून ओरडला नाही. वर आला. बाकड्यावर बसला, माझ्या शेजारी. मी चहा ओतला, तो त्यानं घेतला नाही.

शोभी सातव्या महिन्यातच मोकळी झाली होती. पोरगी होती. जगली नाही.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? शोभीनं सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. पाण्यानंच झालं असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी कॉटपाशी बसलो. शोभी भिंतीकडं तोंड करून होती. मला वाटलं झोपली. तशीच, न वळता म्हणाली,

"बाबा, कागद आला का?"

*

सतीश स्वतःच आला. पुण्याहून पॅसेंजरनं, एका शनिवारी. तरुण पोरगा, घामेजलेला. नमस्कार केला नाही, बसला नाही. तोवर शोभी दवाखान्यातून घरी परत आली होती. सर आत मशीनपाशी होते. अलकानं त्यांना बाहेर बोलावलं.

सतीशनं टेबलावर एक कागद ठेवला. "हा तुमचा रिपोर्ट. दहा दिवसांत तयार झाला होता." मग त्यावर दुसरा ठेवला. "आणि हे तुमचं उत्तर. मी परत पाठवला, परत हेच आलं. वाटलं, तुम्हाला माझ्यावर काही संशय असेल. फोन घ्यावासा वाटला नाही. पण पाणी प्यायचं नाही असं लिहिलेला कागद असा ठेवून घेता येईना, म्हणून आलो."

मला वाचता येत नाही हे अलकाला माहीत. तिनं वरचा कागद उचलला आणि माझ्यासाठी वाचला, एकेक शब्द सुटा.

"तुमची मेल नाकारली आहे. कारण: तुम्ही पाण्यात विष—"

"अलका," सर म्हणाले.

ती थांबली. सतीशच्या लॅबची मेल त्याच पुण्याच्या मेलवाल्याकडून येते, हे सरांच्या तोंडून निघायला वेळ लागला. सतीश म्हणाला, "पुण्यात निम्म्या लोकांची तिथूनच येते."

तो पाणीही न घेता जिना उतरून गेला.

अलकानं हळू विचारलं, "सर, यादीतनं काढू का?"

सरांनी रिपोर्टची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. मला म्हणाले, "आबा, चला."

"ऑफिसात?"

"शनिवार आहे, ऑफिस बंद. शोभाताईंकडं."

एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. सरांनी मधे दोनदा खिसा चाचपला. उतरताना माझ्या लक्षात आलं, शबनम सेंटरवरच राहिली होती.

शोभी दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठली, पदर नीट केला. वाळली होती. सतरंजी टाकली. सर बसले, मी बसलो. आतून म्हातारी खोकली, "कोन आलंय गं?"

"बाबा आलेत. आन् त्यांचे सर."

सरांनी खिशाकडं हात नेला. "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय—"

"आधी पाणी घ्या," शोभी म्हणाली.

ती आत गेली. डेऱ्यात वाटी बुडाल्याचा आवाज आला. तोच घासूनपुसून चकचकीत केलेला तांब्या तिनं आणला. ठेवावा की नाही म्हणून जरा घुटमळली. मग सरांच्या पुढं ठेवला आणि नजर दुसरीकडं वळवली, त्यांनी हात जोडले तर ते दिसू नयेत म्हणून.

सर तांब्याकडं बघत राहिले.

मी म्हणालो, "सर."

त्यांनी तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. मधे श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. गळ्याची घाटी वरखाली होत होती. सगळा रिकामा करून खाली ठेवला.

शोभीनं वळून बघितलं. दवाखान्यातून आल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. आता ती हसली. तांब्या हातात घेतला.

"सर, आजून देऊ?"